तणनाशक आणि शेडमधली मर

सकाळी साडेसहा. वाळवा तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्या काकांचा फोन. "डॉक्टर, मर वाढलीय. मानमोडी आली काय?" मेलेले पक्षी कुत्र्यांपुढे टाकू नका, सावलीत गार जागी ठेवा, एवढं सांगून कराडहून निघालो.

आठ. पेठनाक्यापुढे दुतर्फा लागणीचा ऊस. भांगलणीला माणसं मिळेनात, म्हणून सगळा भार तणनाशकांवर आलाय. अॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी. मजुरी वाचते हे खरं आहे आणि शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. पण याच उसाला लागून ब्रॉयलरची शेडं उभी आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही.

साडेआठ. पिल्लं पंख पाडून बसलेली, खाद्य तसंच पडलेलं. मान वाकडी झालेली नाही, हिरवी हगवण नाही.

"शेजारी औषध मारलं होतं का?"

"चार दिवस झालं. उसात टू-फोर-डी, शेडभोवती ग्लायफोसेट."

"कालवलं कुठं?"

काकांनी बोअरजवळचं टिपाड दाखवलं. पाइपाचं तोंड टिपाडातल्या पाण्यात बुडालेलं होतं. मोटर बंद झाली आणि झडप नसली, की पाइप ते पाणी मागं ओढतो. त्याच बोअरचं पाणी टाकीत जातं आणि टाकीतून पक्ष्यांच्या पिण्याच्या निपलला.

दहा. शवविच्छेदन. यकृत फिकट, सुजलेलं. मूत्रपिंडं फुगलेली, त्यांत खडूसारखी युरेटची पांढरी साठवण. बर्सा, म्हणजे पक्ष्याची रोगप्रतिकारक ग्रंथी, आक्रसलेला. मानमोडीत ग्रंथिल जठरावर रक्ताचे ठिपके सापडतात, इथं एकही नव्हता. तरीही तणनाशकाची स्वतःची अशी खूण कोंबडीच्या पोटात नसते. बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिननंही यकृत असंच फिकट होतं. ग्लायफोसेट वनस्पतींतला जो मार्ग अडवतं तो पक्ष्यांच्या शरीरात नाही, म्हणून ते निर्धोक, असं दुकानदार सांगतात. पण तो मार्ग आतड्यातल्या अनेक जीवाणूंमध्ये असतो, आणि बाटलीत ग्लायफोसेटखेरीज ते पानाला चिकटवणारी रसायनंही असतात. थोडं थोडं पोटात गेलं की पक्षी लगेच मरत नाही. वजन घटतं, यकृत थकतं, आणि बर्सा-प्लीहा खालावल्या की दिलेली लसही नीट लागू होत नाही. मग खरोखरच मानमोडी येते आणि दोष लसीवर जातो. यामुळंच मला या विषाची जास्त भीती वाटते.

बारा. नमुने. पेशींच्या तपासणीसाठी यकृत, मूत्रपिंड आणि बर्सा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. विषाच्या तपासणीसाठी तेच अवयव, क्रॉपमधलं (गळ्याखालच्या अन्नपिशवीतलं) खाद्य आणि निपलचं पाणी फॉर्मॅलिनशिवाय, स्वच्छ काचेच्या बरण्यांत, बर्फावर. ही गल्लत झाली की अहवाल वाया जातो. खाद्याचा नमुना वेगळा घेतला, मक्याची शंका फिटायला हवी.

काकूंना सांगितलं, टाकी रिकामी करा, लाइन धुवा, शेजारच्या विहिरीचं पाणी द्या. बहुतेक तणनाशकांवर उतारा नाही. पॅराक्वाटवर तर माणसासाठीही नाही. पक्ष्याला चांगलं पाणी आणि यकृताला आधार, एवढंच हाती राहतं.

साडेतीन. खंबाटकी ओलांडून शिरवळ. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात बरण्या पोचवल्या, सोबत फवारणीची तारीख आणि औषधांची नावं लिहिलेला कागद. हा कागद नसेल तर प्रयोगशाळेनं नेमकं काय शोधायचं?

सहा. परतताना साताऱ्याजवळ एका बांधावर पाठीवर पंप घेतलेला पोरगा, तोंडाला नुसता रुमाल. ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण चालकांनीच वापरावं, असा केंद्राचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाला. गाडी थांबवून त्याला विचारलं, पंपात तेच होतं. घरच्या कोंबड्या त्याच बांधावर चरत होत्या. त्या दोन-तीन आठवडे कोंडून ठेव म्हटलं, अंडीही खाऊ नका.

आठ. काकांचा फोन. मर थोडी कमी आहे, पण व्यापाऱ्याची गाडी शुक्रवारी ठरलीय, माल द्यायचा का? अहवाल येईपर्यंत एकही पक्षी विकू नका, असं मी सांगितलं. खाद्याचा रोजचा खर्च कोण देणार, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. उद्या सकाळी व्यापाऱ्याशी मीच बोलणार आहे.