दोन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज: ऐकीव आणि खरं

बारावीनंतर अमेरिकेला पाठवायचं ठरलं की आपल्याकडची यादी पर्ड्यू, पेन स्टेट, इलिनॉय अशीच सुरू होते. त्यात कुणी ॲम्हर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर किंवा ग्रिनेलचं नाव घेतलं की लगेच विचारणा होते, ‘ही कुठली? क्यूएस रँकिंगमध्ये तर दिसत नाहीत.’ दिसणारही नाहीत. तसल्या याद्यांत संशोधन-निबंधांना मोठं वजन असतं, तर ही लहान ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजं जवळपास फक्त पदवीचं शिक्षण देतात. अमेरिकेतलं ‘यूएस न्यूज’ त्यांची यादीच वेगळी काढतं. पोर्टलंडच्या रीड कॉलेजने तर १९९५पासून त्या यादीसाठी माहिती पाठवणंच बंद केलं. आणि कॉलेज म्हणजे कुठल्यातरी विद्यापीठाला संलग्न, हा आपला हिशेब तिथे लागू नाही. पदवी ही कॉलेजं स्वतःच देतात.

‘लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्सच. सायन्सवाल्यांनी तिकडे फिरकू नये.’

हा समज सगळ्यात महागात पडतो. जनुकं कापण्याच्या क्रिस्पर तंत्रासाठी २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या. १९८९मध्ये तेच पारितोषिक मिळवणारे थॉमस चेक ग्रिनेलचे. २००६चे भौतिकशास्त्राचे मानकरी जॉन मॅथर स्वार्थमोरचे. चेक यांनी १९९९मध्ये या कॉलेजांतल्या विज्ञानशिक्षणावर एक लेखच लिहिला. तिथून असे शास्त्रज्ञ घडतात यामागचं कारण साधं आहे. तिथे पीएचडीचे विद्यार्थी नसतात, म्हणून प्रयोगशाळेतलं काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्याच हाती येतं. रीडमध्ये संशोधनासाठीची अणुभट्टी आहे, आणि ती चालवणाऱ्यांत परवानाधारक पदवी-विद्यार्थीच बहुसंख्य असतात. पदवीधरांपैकी किती जण पुढे पीएचडी करतात हे प्रमाण पाहिलं, तर हार्वी मड, रीड, स्वार्थमोर ही नावं कॅलटेक आणि एमआयटीच्या पंगतीला येतात.

इंजिनिअरिंगबाबत मात्र शंका बरीचशी रास्त आहे. हार्वी मड, स्वार्थमोर, स्मिथ अशा मोजक्याच ठिकाणी ते शिकवतात. इतरत्र ‘थ्री-टू’ योजना असते: तीन वर्षं इथे, दोन वर्षं एखाद्या मोठ्या विद्यापीठात, शेवटी दोन पदव्या. माहितीपत्रकात हे छान दिसतं. पण त्यात पाचव्या वर्षाची फी आली आणि ऐन रुळलेलं सोडून निघणंही आलं. शिवाय दुसऱ्या ठिकाणी आर्थिक मदत मिळेलच असं नाही. त्याच्या भरवशावर अर्ज करू नये.

‘त्या पदवीवर नोकरी कुठली मिळणार?’

इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचे, हे उत्तर टाळ्या मिळवतं, पण पालकांचा प्रश्न सोडवत नाही. विद्यार्थी-व्हिसावर पदवीनंतर काम करण्याची मुभा, म्हणजे ओपीटी, सर्वांना बारा महिने असते. स्टेम विषय असेल तर त्यात चोवीस महिन्यांची भर पडू शकते. कॉलेज लहान की मोठं याने इथे फरक पडत नाही, विषयाची सरकारदरबारी नोंद कशी आहे याने पडतो. अनेक कॉलेजांनी आपल्या अर्थशास्त्राची नोंद इकॉनॉमेट्रिक्सच्या कोडखाली केली आहे, त्यामुळे ते स्टेममध्ये धरलं जातं. हा कोड अर्जाआधीच विचारून घ्यावा. पण कंपन्यांची जी रीघ मोठ्या सरकारी विद्यापीठात लागते ती इथे लागत नाही. इथे कामाला येतात ते माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांची पत्रं. वर्गात पंधरा-वीस मुलं असली की प्राध्यापक तुम्हाला नावानिशी ओळखतात, आणि एमएस-पीएचडीच्या अर्जात त्यांचं शिफारसपत्र वजनदार ठरतं. कर्ज काढून जायचं आणि चौथ्या वर्षानंतर लगेच फेडायला लागायचं, असा बेत असेल तर मोठ्या विद्यापीठातलं कॉम्प्युटर सायन्स जास्त सरळ, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘ही श्रीमंतांचीच कॉलेजं.’

नामांकित कॉलेजांचा राहण्या-खाण्यासह छापील खर्च आता वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात आहे. तो वाचून बहुतेक जण तिथेच थांबतात. पण छापील आकडा सगळेच भरत नाहीत. ॲम्हर्स्ट आणि बोडन इथे परदेशी अर्जदाराचीही निवड करताना त्याची आर्थिक गरज पाहिली जात नाही, आणि निवड झाली की गरजेइतकी मदत मिळते. बहुतेक ठिकाणी मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की ती बाब निवडीत मोजली जाते, म्हणजे प्रवेशाची शक्यता घटते. आपले समुपदेशक हे सांगायला का कचरतात कोण जाणे! ॲम्हर्स्ट आणि विल्यम्समध्ये गुणांवर सवलत नसते, ती घरच्या उत्पन्नावर ठरते. त्यामुळे ‘मुलीला ९७ टक्के आहेत’ याने तिथे फी कमी होत नाही. डेनिसन किंवा वूस्टरमध्ये होऊ शकते. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर शिकवणी-फीच घेत नाही, त्याबदली प्रत्येक विद्यार्थी कॉलेजात आठवड्याला किमान दहा तास काम करतो.

आणखी एक गोष्ट. ॲम्हर्स्ट, विल्यम्ससारख्या कॉलेजांत साधारण एक तृतीयांश मुलं कॉलेजच्या संघांतून खेळतात, आणि प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकांच्या शब्दाला किंमत असते. बऱ्याच जागा ‘अर्ली डिसिजन’मध्ये भरतात. तो अर्ज बंधनकारक असतो, म्हणजे इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करायला वावच उरत नाही.

‘जुनं कॉलेज बंद थोडंच पडतं?’

पडतं. न्यूयॉर्क राज्यातलं १८६८चं वेल्स कॉलेज २०२४मध्ये बंद झालं, व्हरमाँटचं ग्रीन माउंटन २०१९मध्ये. २००८च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्म घटले, त्यामुळे अठरा वर्षांची मुलं आता कमी होऊ लागली आहेत. फीवरच चालणाऱ्या लहान कॉलेजांना हे सोसत नाही. दोन हजारांहून कमी विद्यार्थी आणि दोन अब्ज डॉलरहून मोठी गंगाजळी असलेल्या ग्रिनेलला अशी चिंता नाही.

‘आडगावात आपल्या मुलांना कोण ओळखणार?’

मिनेसोटातल्या नॉर्थफील्डसारख्या छोट्या गावातल्या कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट यांनी जवळपास तीन दशकं भारताचा इतिहास शिकवला. आंबेडकरी चळवळीच्या त्या मान्यवर अभ्यासक. त्या भागातल्या कॉलेजांची मुलं वर्षानुवर्षं पुण्यात येऊन मराठी शिकली आणि मराठी घरांत राहिली. पण भावुक होण्याचं कारण नाही. हिवाळा कडक असतो, विमानतळ लांब असतो, शाकाहारी मुलाचे हाल होऊ शकतात. आणि चार वर्षं तेच चेहरे. एखाद्याशी बिनसलं तर तोंड लपवायला जागा नसते. एखाद्या विषयाला तीनच प्राध्यापक असतील आणि त्यातला एक रजेवर गेला, तर हवा असलेला विषय त्या वर्षी मिळत नाही. म्हणून आधी गेल्या दोन सत्रांचं वेळापत्रक उघडा आणि मुलाच्या विषयात प्रत्यक्षात काय शिकवलं गेलं ते पाहा. मग कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘कॉमन डेटा सेट’ शोधा. त्यातल्या एच-६ या कलमात किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती मिळाली, हे दिलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय अर्जाची फी भरू नका.