खात्यापित्या घरचं नसलेलं वजन

नालासोपारा पूर्वेला शाळा सुटते तेव्हा फाटकासमोरच्या टपरीवर पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. दप्तर एका खांद्यावर टाकून, दातांनी पुडी फाडत पोरं घराकडे निघतात. त्यांचं गणित चुकीचं नाही. आई वालीवच्या गाळ्यात कामाला, बाबा लोकलने मुंबईत, घराला संध्याकाळपर्यंत कुलूप. पाच रुपयांत पोटाला आधार देणारं दुसरं काय मिळतं? याच तालुक्यातल्या वाड्यांत पिकणारी केळीसुद्धा त्या हिशेबात बसत नाहीत.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. इथे ५० मीटर मोजायला निघालात, तर टेप पुरता उलगडायच्या आत चार टपऱ्या लागतील.

जाड मुलाला आपण अजून ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो. आकडेही वरवर तेच सांगतात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं कृश होती आणि सुमारे ५ टक्के जादा वजनाची, तीही सुस्थितीतल्या घरांत अधिक. पण त्याच सर्वेक्षणात दहापैकी एका किशोराची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे कृशांचे आणि लठ्ठांचे रकाने वाटतात तितके वेगळे नाहीत.

असं का, याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं प्रमाण, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपलं बाळ जन्मतःच हाडकुळं दिसतं, पण चरबी राखून असतं, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून दाखवलं. पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल पुढे पुडी-पावावर वाढलं, की वजनाचा फटका त्याला लवकर बसतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१५ च्या तक्त्यांत आपल्या मुलांसाठी जादा वजनाची रेघ खाली आणली.

नालासोपारा ज्या पालघर जिल्ह्यात येतं, तिथे जादा वजन लक्षात ठेवणं आणखी अवघड. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. तेव्हापासून इथली सरकारी नजर काटा किती खाली गेला, यावरच राहिली. ती राहायलाच हवी. मोखाड्यात आजही तोच प्रश्न आहे. शाळेत जाऊन मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली याच पालघरमधून देशभर सुरू झाला. जन्मदोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब, अशी त्याची चार कलमं. वर गेलेल्या काट्याला त्यात हक्काचं घर नाही.

समजा, तपासणीत जादा वजन दिसलं. पुढे काय? वसई-विरार महापालिका २००९ ची, पण शाळा कित्येक वर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. दवाखाना एकाचा, वर्ग दुसऱ्याचा. चिठ्ठी मधल्या मध्ये हरवते. शाळेतलं दुपारचं जेवणही आठवीनंतर थांबतं, म्हणजे ऐन भुकेच्या वयात.

वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. उंची वाढली की प्रमाण आपोआप सुधारतं. त्यासाठी साखर, रक्तदाब, थायरॉइड, झोप बघावी लागते आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. टॉवरमधल्या मुलाला हे जमतं: खाजगी आहारतज्ज्ञ, तळमजल्यावर जिम, पोहण्याचा तलाव. चाळीतल्या मुलाने मुलांच्या हार्मोन-तज्ज्ञाला गाठायचं तर परळचं वाडिया रुग्णालय. गर्दीच्या विरार लोकलने जायचं, रांगेत दिवस घालवायचा. केसपेपर स्वस्त असेल, पण आईच्या रोजाचा खाडा स्वस्त नसतो. तिसऱ्या खेपेला कुणी जात नाही, आणि केसपेपरवर शेरा पडतो: ‘रुग्ण आला नाही’. महात्मा फुले योजनेचा आधार भरती झालेल्याला. हा आजार तर बाह्यरुग्ण विभागातला. त्यात २०२५ च्या जूनमध्ये वजन उतरवणारी ‘वेगोव्ही’ची इंजेक्शनं मोठ्यांसाठी भारतात आली, तेव्हा त्यांची किंमत महिन्याला १७ हजारांच्या पुढे होती. दरी पुढे कशी रुंदावेल, ते यावरून दिसतं.

इंग्लंडमध्ये पाचव्या आणि अकराव्या वर्षाच्या आसपास सरकारी शाळांतल्या मुलांचं वजन-उंची मोजतात. तिथे गरीब वस्त्यांतल्या मुलांत लठ्ठपणा श्रीमंत भागांच्या दुपटीहून जास्त आहे. आपली वाटचालही तिकडेच दिसते.

इलाज परळहून नालासोपाऱ्याला आणता येईल. २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात लठ्ठपणाचा विचार आहेच, सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, समुपदेशक आहेत. ती आठवड्यातून दोन संध्याकाळी, आई कामावरून परतल्यावर उघडी ठेवली, तर निम्मे खाडे वाचतील. सल्लाही ओट्स-ॲव्होकाडोचा नको. भाकरी, उसळ, सुकट आणि डब्यात उकडलेलं अंडं एवढं पुरे. मैदानाचा प्रश्न मोठा. जिथे दोन इमारतींमध्ये टँकर जेमतेम शिरतो, तिथे ‘रोज खेळत जा’ म्हणणं ही थट्टा आहे. वयात आलेल्या मुलींना तर तो टँकरचा बोळही बंद होतो.

ओळखीच्या एका शिक्षिकेने सांगितलेलं. आठवीच्या वर्गात वजनकाटा मांडला होता. एक जण आकडा मोठ्याने वाचत होता, दुसरा लिहून घेत होता. एका मुलीचा आकडा ऐकून मागचा बाक हसला. सहा महिन्यांनी काटा पुन्हा आला, तेव्हा ती गैरहजर होती. तिच्या नावापुढचा रकाना कोराच राहिला.