अशक्त पिल्लाची शुश्रूषा

उर्दूत आपण ज्याला चूजा म्हणतो, त्याला मराठीत कोंबडीचे पिल्लू म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील खेड्यांत अनेक घरी अंगणात कोंबड्या असतात. घरात आजारपण आले किंवा वह्या-पुस्तके घ्यायची झाली, की बाजारात एखादी कोंबडी विकली जाते. म्हणून पिल्लू दगावणे हे गरिबाचे नुकसानच असते.

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात. बाहेर येण्याआधी उरलेला पिवळा बलक त्याच्या पोटात ओढला जातो. त्यावर ते सुमारे दोन दिवस जगू शकते. म्हणून नुकतेच जन्मलेले पिल्लू सुस्त दिसताच त्याच्या चोचीत दाणे कोंबू नयेत. त्याला पहिली गरज असते उबेची.

पिल्लू भिजले असेल तर मऊ फडक्याने पुसावे. बांबूच्या टोपलीत धानाचे कोरडे तूस पसरावे आणि वर थोड्या अंतरावर विजेचा दिवा टांगावा. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे 3 अंशांनी कमी करावी.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच पाहावे. ती एकमेकांना बिलगून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून दिव्यापासून दूर पळत असतील तर उकाडा होतो आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा दुपारी दिवा नको, सावली हवी.

ऊब मिळाल्यावर पाणी द्यावे. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर साखर विरघळवावी. बोट बुडवून एकेक थेंब चोचीच्या कडेला लावावा. घशात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. तरतरी आली, की तांदळाची बारीक कणी द्यावी. मात्र नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही. पुढे पिल्लांचे खाद्य किंवा वाळवीही द्यावी.

शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याने ती भिजवून हलकेच काढावी, ओढू नये. विष्ठेत रक्त दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

आजारी पिल्लू नेहमी वेगळे ठेवावे. आधी निरोगी पिल्लांना दाणापाणी द्यावे, मग आजारी पिल्लाला. शेवटी साबणाने हात धुवावेत. राणीखेत हा विषाणूंमुळे होणारा रोग आहे. उत्तराखंडातील राणीखेत गावावरून त्याला हे नाव पडले. त्यावर औषध नाही, पण लस आहे. ती निरोगी पिल्लांना पहिल्याच आठवड्यात देतात. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या, तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळवावे.

इतके करूनही प्रत्येक पिल्लू वाचेलच असे नाही. पण वेळेवर मिळालेली ऊब आणि पाण्याचे चार थेंब यांनी अनेक पिल्ले पुन्हा उभी राहतात. मुका जीव बोलत नाही. त्याचे दुखणे आपणच ओळखायचे असते.