झाड तोडले की डास जातो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कळंबच्या घरी नातीला डेंग्यू झाला. ती बरी होऊन घरी आली त्याच दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, परसातलं बांबूचं बेट तोडून टाका. डास तिथंच पोसतात." कवी झाडाची बाजू घेणार, हे त्याने धरूनच ठेवले होते. खरे सांगायचे तर मलाही खात्री नव्हती.

आरोग्य सेवक तपासणीला आले. छाटलेल्या बांबूच्या पोकळ खुंटांत पाणी साचले होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. भाऊ हसला. मग त्यांनी भावाच्याच नव्या बांधकामावरचे उघडे पिंप पाहिले. तिथे तर अळ्यांची जत्राच!

डासाला झाडापेक्षा पाणी हवे असते. पण पाण्याची आवड प्रत्येक जातीची निराळी. एडिस अल्बोपिक्टस हा मूळचा रानातला, झाडाच्या ढोलीत आणि बांबूच्या खुंटात वाढणारा. त्याचा भाऊबंद एडिस इजिप्ती पिंप, टायर, कूलर यांवर खूश. डेंग्यू दोघेही पसरवतात आणि चावतात दिवसा.

हिवतापाची गोष्ट वेगळी. ग्रामीण भागात तो मुख्यतः पसरवणारा ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज उघड्या, ऊन लागणाऱ्या पाण्यावर अंडी घालतो. नदीपात्रातली डबकी, कालव्याची गळती, नुकती लावणी झालेली खाचरे त्याला आवडतात. भात वाढून पाण्यावर सावली धरली की त्या खाचरातली त्याची पैदास घटते. आमच्या कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भातही होतो, म्हणजे ही संधी त्याला दोनदा. वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे आणि फार्महाऊससाठी झाडे काढून सपाट केलेले उतार यांत पाणी साचले तर तेही उन्हातलेच.

म्हणून रान राखले की हिवताप टळला, असेही नाही. फ्लुव्हिएटिलिस नावाचा ॲनॉफिलिस डोंगरपायथ्याच्या संथ झऱ्यांत वाढतो आणि घनदाट रानाचा गडचिरोली जिल्हा वर्षानुवर्षे हिवतापाने पिडलेला आहे. त्रिनिदादमध्ये तर कोकोला सावली म्हणून मुद्दाम उंच झाडे लावली. त्यांच्या फांद्यांवर अननसाच्या कुळातल्या वनस्पती वाढल्या, त्यांच्या पानांच्या पेल्यांत पाणी साचले आणि त्यात हिवतापाचा डास. उलट पेरूमधल्या ॲमेझॉन खोऱ्यात, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल तोडलेल्या जागी तिथला हिवतापाचा डास कितीतरी जास्त चावताना आढळला.

नातीला कोणत्या पाण्यातला डास चावला, हे कोण सांगणार? बेट राहिले. आता बांबू गाठीला लागून वरच्या अंगाने कापतो, म्हणजे पोकळी उरत नाही; जुन्या खुंटांत माती भरली. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी घरातली सगळी भांडी पालथी घालतो. भावाने पिंपाला झाकण बसवले आहे. त्यावर वीट ठेवायची आठवण मात्र अजून मलाच करावी लागते.