आध्यात्मिक जागरूकता (ख्रिस्ती परंपरा)

आध्यात्मिक जागरूकता ही ख्रिस्ती धर्मातील एक प्राचीन साधना आहे. मनात उठणाऱ्या विचारांकडे लक्ष ठेवणे, कोणता विचार ईश्वराकडे नेतो व कोणता त्याच्यापासून दूर नेतो हे ओळखणे आणि अनिष्ट विचाराला त्याचे विकारात रूपांतर होण्यापूर्वीच थांबवणे, असे तिचे स्वरूप आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत तिला ‘नेप्सिस’ म्हणतात. उपवास, रात्रीची प्रार्थना, मौन, साधे राहणे ही ख्रिस्ती आत्मसंयमनाची बाह्य अंगे होत. जागरूकता हे त्याचे आंतरिक अंग होय. ख्रिस्ती आचार्यांनी या साधनेचा जसा पुरस्कार केला, तसा तिच्या अतिरेकाविषयी इशाराही वेळोवेळी दिला आहे.

संज्ञा व अर्थ

‘नेप्सिस’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा मूळ अर्थ ‘मद्याच्या अमलाखाली नसणे’ असा आहे. त्यावरून ‘शुद्धीवर असणे’, ‘सावध असणे’ हे अर्थ रूढ झाले. नव्या करारात याच्या जोडीला ‘जागे राहणे’ या अर्थाचे दुसरे क्रियापद येते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आणि पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ही दोन्ही क्रियापदे एकत्र आढळतात. अनिष्ट विचारांनी भुललेल्या मनाची अवस्था नशेसारखी किंवा झोपेसारखी असते, अशी कल्पना या शब्दयोजनेमागे आहे.

आत्मसंयमनासाठी नव्या करारात ‘एन्क्रातेइया’ हा शब्द आहे. गलतीकरांस पत्रात पवित्र आत्म्याच्या फळांची जी यादी आहे, तिच्यात हा गुण शेवटी येतो; प्रचलित मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘इंद्रियदमन’ हा शब्द वापरला आहे. ‘आस्केसिस’ ही तिसरी संज्ञा मूळची व्यायामशाळेतील असून तिचा अर्थ ‘सराव’ असा आहे. पुढे तीच संन्यस्त जीवनाला लावण्यात आली. तपश्चर्या म्हणजे देहाला शिक्षा नव्हे, तर सराव, हा आशय तिच्यात टिकून राहिला.

बायबलमधील आधार

शुभवर्तमानांत येशूने जागृत राहण्याचा उपदेश अनेक दृष्टान्तांतून केला आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींच्या दृष्टान्तात वराला उशीर होतो आणि दहाही कुमारींना झोप लागते. त्यांच्यातील फरक झोपेचा नसून तयारीचा आहे. पाच जणींनी दिव्यांसाठी जादा तेल घेतलेले असते, पाच जणींनी नसते. मार्कच्या तेराव्या अध्यायात परगावी गेलेल्या घरधन्याचा दृष्टान्त आहे. तो केव्हा परतेल हे सेवकांना ठाऊक नसते, म्हणून द्वारपाळाला जागे राहण्याची आज्ञा दिलेली असते. दाराशी उभा असलेला हा द्वारपाळ पुढील काळातील साधकांना मनोरक्षणाचे प्रतीक वाटला.

या उपदेशाची कसोटी गेथशेमाने येथे लागते. अटकेच्या रात्री येशू शिष्यांना जागे राहून प्रार्थना करण्यास सांगतो आणि तीनदा परत येऊन पाहतो, तेव्हा ते झोपलेलेच असतात. आत्मा उत्सुक असला तरी देह दुर्बल असतो, असे तो त्या वेळी म्हणतो. त्याच रात्री पेत्र त्याला तीनदा नाकारतो. सावध राहण्याचा उपदेश करणारे पत्र याच पेत्राच्या नावे आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूची व मुष्टियोद्ध्याची उपमा वापरली आहे. करिंथजवळ इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असल्यामुळे तेथील वाचकांना ती परिचयाची होती. दुसऱ्यांना उपदेश करणारा स्वतःच अपात्र ठरू नये, ही चिंता पौल तेथे व्यक्त करतो.

वाळवंटातील संन्यासी

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात संन्याशांच्या वसाहती निर्माण झाल्या आणि तेथे या साधनेला शास्त्राचे रूप आले. संत अँथनी (सुमारे २५१–३५६) हे त्यांतील अग्रणी होत. अथेनेशियसने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रानुसार, प्रत्येकाने आपली कृत्ये व मनातील विचार दुसऱ्याला सांगायचे असल्यासारखे लिहून काढावेत, असा सल्ला त्यांनी दिला होता. लिहिलेले कोणी वाचेल या लाजेनेही माणूस सावरतो, असा त्यामागील विचार होता.

पाँटसचा एव्हाग्रियस (सुमारे ३४५–३९९) याने साधकाला ग्रासणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, विषाद, क्रोध, अ‍ॅसिडिया, कीर्तीची हाव आणि गर्व. यांपैकी अ‍ॅसिडिया म्हणजे साधनेचा उबग. भर दुपारी संन्याशाला दिवस संपता संपत नाही असे वाटते, तो सारखा सूर्याकडे पाहतो, आपली कोठडी व आपले काम त्याला नकोसे होते आणि अन्यत्र गेल्यास बरे होईल असे त्याचे मन सांगू लागते, असे वर्णन एव्हाग्रियसने केले आहे. हे विचार मनात यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही. ते तेथे रेंगाळावेत की नाही हे मात्र आपल्या हाती आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

भारतीय वाचकाला या यादीवरून षड्रिपूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काम, क्रोध आणि लोभ दोन्हींकडे आहेत. मात्र विषाद व उबग यांना स्वतंत्र स्थान देणे हे एव्हाग्रियसच्या यादीचे वैशिष्ट्य होय.

जॉन कॅसियन (सुमारे ३६०–४३५) याने ही शिकवण लॅटिन भाषेतून पश्चिम युरोपात नेली. पुढे पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) यांनी गर्वाला सर्व दोषांचे मूळ मानून सात प्रमुख दोषांची यादी केली. ‘सात महापापे’ ही प्रसिद्ध कल्पना त्यातून विकसित झाली. या स्थित्यंतरात एक महत्त्वाचा फरक पडला. एव्हाग्रियसची यादी मनात येणाऱ्या विचारांची होती. महापापांची यादी दोषांची झाली.

विचारापासून विकारापर्यंतच्या पायऱ्या

सातव्या शतकाच्या सुमारास सिनाय पर्वतावरील मठाचे प्रमुख असलेले जॉन क्लिमाकस यांनी ‘शिडी’ या तीस पायऱ्यांच्या ग्रंथात विचाराचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला आहे. हे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. चाहूल: विचार किंवा प्रतिमा मनात प्रथम डोकावते.
२. संवाद: मन त्या विचाराशी बोलू लागते.
३. संमती: मन त्याला आनंदाने मान्यता देते.
४. बंदिवास: विचार मनाला बळजबरीने ओढून नेतो.
५. झुंज: साधक त्याला बरोबरीच्या बळाने विरोध करतो. यात तो जिंकतो किंवा हरतो.
६. विकार: विचार दीर्घकाळ मुरून स्वभावाचा भाग बनतो.

एखाद्या सहकाऱ्याची स्तुती कानी पडताच मत्सराची सूक्ष्म कळ उठणे ही चाहूल होय. त्या स्तुतीतील उणिवा मनाशी मोजत बसणे हा संवाद, आणि त्याचे काही वाईट झाले तर बरे असे वाटून त्यात सुख मानणे ही संमती. क्लिमाकस यांच्या मते चाहुलीत पाप नाही. या शिकवणीचे व्यावहारिक मर्म येथे आहे. चाहुलीच्या टप्प्यावर विचार दुर्बल असतो व त्याला सहज परतवता येते. विकार जडल्यावर मात्र मोठे कष्ट पडतात. म्हणून पहारा दाराशी हवा.

विचार परतवण्यासाठी त्याच्याशी वाद न घालता लहानशी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणावी, असे या परंपरेत सांगितले जाते. येशूच्या नावाने दयेची याचना करणारी ‘येशू-प्रार्थना’ यासाठी प्रसिद्ध आहे. या विषयावरील चौथ्या ते पंधराव्या शतकांतील ग्रीक लेखनाचा ‘फिलोकालिया’ हा संग्रह करिंथचे मकारिओस आणि एथॉस पर्वतावरील निकोडेमोस यांनी सिद्ध केला. तो १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. त्याच्या शीर्षकातच त्यातील लेखकांना ‘नेप्सिसचे आचार्य’ अशा अर्थाचे विशेषण लावले आहे.

पश्चिमेकडील परंपरा

रोमन कॅथलिक परंपरेत जागरूकतेची सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे विवेकपरीक्षण होय. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यातील सर्वसाधारण विवेकपरीक्षणाचे पाच भाग आहेत: कृतज्ञता व्यक्त करणे, आपली पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे, सकाळपासूनचा दिवस आठवणे, क्षमा मागणे आणि सुधारणेचा निश्चय करणे. प्रारंभ दोषांच्या मोजणीने न होता कृतज्ञतेने होतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एखादा विशिष्ट दोष घालवण्यासाठी वेगळी पद्धतही दिली आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेषांची एक जोडी आखायची, दिवसातून दोनदा तो दोष किती वेळा घडला तितके ठिपके द्यायचे आणि कालच्याशी आजची तुलना करायची.

प्रोटेस्टंट पंथांत मठवास मागे पडला, परंतु जागरूकतेचा आग्रह कायम राहिला. इंग्लंडमधील प्युरिटन आत्मपरीक्षणासाठी दैनंदिनी लिहीत. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोराव्हियन बंधुसमाजाने १७३१ पासून वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक बायबलवचन देणारी पुस्तिका छापण्यास आरंभ केला. ती परंपरा आजही चालू आहे. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी लहान गट स्थापन केले. गटातील सभासद दर आठवड्याला एकत्र येऊन आपले दोष व मोह एकमेकांना मोकळेपणाने सांगत. जे काम वाळवंटात गुरूपुढे होत असे, ते येथे बरोबरीच्या सोबत्यांपुढे होऊ लागले.

गोवा व महाराष्ट्र

येशूसंघाचे संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि इग्नेशियसप्रणीत साधना भारतात पोहोचली. विसाव्या शतकात मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी भारतीय ध्यानपद्धती व ख्रिस्ती प्रार्थना यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. ‘साधना’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास, शरीरातील संवेदना आणि आसपासचे आवाज यांचे भान हा त्यातील प्रारंभीचा पाठ आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. जागरूकता हे ईश्वराकडे जाण्याचे साधन की तेच साध्य, हा प्रश्न या वादाशी निगडित आहे.

सर्वसामान्य कॅथलिक भाविकांच्या जीवनात ही साधना मुख्यतः उपवासकाळात दिसते. राखेच्या बुधवारी आरंभ होणाऱ्या या काळात उपवास, प्रार्थना आणि दानधर्म या तीन गोष्टींवर भर असतो. वसई, मुंबई व गोवा येथील कॅथलिक समाजात तो पाळला जातो.

अतिरेक व त्यावरील उपाय

स्वतःवर पहारा ठेवण्याची सवय विकृत होऊ शकते, याची जाणीव या परंपरेला आरंभापासून आहे. मनातील प्रत्येक चाहूल पाप मानणे आणि क्षमा मिळूनही ती मिळाली नाही असे वाटत राहणे, या अवस्थेला मनाची अतिशंकितता म्हणता येईल. स्वतः इग्नेशियस १५२२ मध्ये मानरेसा येथे तिच्या आहारी गेले होते. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही त्यांना शांती लाभेना. त्यांच्या मनात आत्मघाताचे विचार येऊ लागले, तसेच त्यांनी आठवडाभर कडकडीत उपवास केला. अखेर धर्मगुरूच्या आज्ञेवरून तो त्यांनी सोडला. या अनुभवामुळेच त्यांच्या पुस्तकात अशा शंकांविषयी स्वतंत्र सूचना आहेत. मार्टिन ल्यूथर हेही तरुणपणी मठात असताना अशाच यातनांतून गेले. त्यांचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ यांनी त्यांचे लक्ष स्वतःच्या पापांवरून ख्रिस्ताच्या दयेकडे वळवण्याचा प्रयत्न केला.

दुसरा धोका गर्वाचा आहे. आपण स्वतःच्या बळावर निर्दोष होऊ शकतो, या अर्थाची पेलेगियसची मते ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने त्याज्य ठरवली. आत्मसंयमन आवश्यक आहे, परंतु ते ईश्वराच्या कृपेवाचून फळत नाही, ही भूमिका पुढे बहुतेक ख्रिस्ती पंथांनी थोड्याफार फरकाने स्वीकारली.

या दोन्ही धोक्यांवर परंपरेने सुचवलेले उपाय साधे आहेत: आपले विचार अनुभवी मार्गदर्शकाजवळ उघड करणे, समुदायात राहणे, कृतज्ञतेने आरंभ करणे आणि विश्रांतीला योग्य स्थान देणे. वाळवंटातील संन्याशांच्या वचनसंग्रहात अँथनींची एक आख्यायिका आहे. त्यांना शिष्यांबरोबर हास्यविनोद करताना पाहून एका शिकाऱ्याला नवल वाटले. अँथनींनी त्याला धनुष्य ताणण्यास सांगितले, मग आणखी ताणण्यास सांगितले. फार ताणले तर ते मोडेल, असे शिकारी म्हणाला. साधकांचेही तसेच आहे, असे उत्तर अँथनींनी त्याला दिले.