डीलरचा हातगुण

रूलेटच्या टेबलावर जिंकलेल्यांचे पैसे देऊन झाले की डीलर मागच्या डावात गोटी जिथे पडली होती, त्याच खणातून ती उचलतो. चाकाच्या मधल्या दांडीला बोटं लावून हलका रेटा देतो. मग लाकडी वाटीच्या वरच्या कडेला, आतल्या खोबणीत, गोटी बोटाने दाबून धरतो आणि मनगटाच्या एका झटक्यात चाकाच्या उलट दिशेने सोडतो. पंधरा-वीस सेकंद ती कडेने घरघरत राहते. वेग उतरायला लागला की तळवा टेबलावरून आडवा फिरवत तो ‘नो मोअर बेट्स’ पुकारतो. गोटी कडा सोडते, उतारावर बसवलेल्या चौकटच्या आकाराच्या धातूच्या उंचवट्यांपैकी एखाद्यावर आपटते, खणांमधल्या पडद्यांवरून दोन-चार उड्या मारते आणि कुठेतरी विसावते.

हे ‘कुठेतरी’ डीलरच्या हातात असतं का? नेहमीच्या खेळाडूंना विचाराल तर निम्मे छातीठोकपणे हो म्हणतील. अमुक डीलर आला की टेबल बदलायचं, तमुक डीलर शून्याच्या आजूबाजूला मारतो, असे हातगुण सांगणारे जगातल्या प्रत्येक कॅसिनोत भेटतात. इंग्रजी बोलणाऱ्या कॅसिनोंत याला ‘डीलर सिग्नेचर’ म्हणतात. मुद्दाम नेम धरला तर ‘सेक्शन शूटिंग’. टेबलामागे वर्षं काढलेल्या काहींचाही दावा असतो की हात बसला की पाहिजे त्या पट्ट्यात गोटी पाडता येते. गणितवाले यावर हसतात. माझ्या मते दोघंही घाई करतात.

आधी दावा नेमका काय आहे ते पाहू. एका खणावर नेम धरता येतो असं शहाणा माणूस म्हणत नाही. युरोपीय चाकावर ० ते ३६ असे ३७ खण असतात, आणि ते ओळीने नसतात. शून्याच्या एका बाजूला ३२, १५, १९, ४, २१, २, २५ आणि दुसऱ्या बाजूला २६, ३, ३५, १२, २८ अशी त्यांची विखुरलेली मांडणी असते. टेबलावरच्या कापडावर मात्र तेच आकडे १ पासून ३६ पर्यंत शिस्तीत तीन रांगांत छापलेले. फ्रेंच धाटणीच्या कॅसिनोंत चाकाच्या पट्ट्यांनाच नावं आहेत. शून्याच्या भोवतालच्या, २२ पासून २५ पर्यंतच्या सतरा आकड्यांना ‘वॉझँ द्यू झेरो’ म्हणतात, म्हणजे शून्याचे शेजारी. खेळाडू एका शब्दात त्या सगळ्या पट्ट्यावर पैसे लावू शकतो. डीलरच्या हातगुणाची गोष्ट अशा पट्ट्यांबद्दलची आहे.

आता हिशेब. एका आकड्यावर लावलेल्या पैशाला पस्तीसपट मिळतात, शिवाय मूळ पैसा परत. म्हणजे हातात ३६. चाकावरच्या सलग १८ आकड्यांवर एकेक नाणं लावलं तर जिंकल्यावर १८ चे ३६ होतात. बरोबरीत सुटायला हा पट्टा शंभरात ५० वेळा लागायला हवा. निव्वळ योगायोगाने तो ३७ पैकी १८ वेळा, म्हणजे शेकडा ४८.६५ वेळा लागतो. कॅसिनोचं सगळं साम्राज्य या दीड टक्क्याहूनही कमी फरकावर उभं आहे. डीलरला १७ चा खण गाठायची गरजच नाही; अर्ध्या चाकाचं पारडं तेवढं किंचित जड झालं तरी घराचा, म्हणजे कॅसिनोचा, नफा संपतो. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, तिथे हा फरक दुप्पट होतो. पण तोही काही फार नाही.

म्हणजे प्रश्न उरतो मनगटाचा. मी एक ढोबळ आकडेमोड करून पाहिली. चाक अडीच सेकंदांत एक फेरा घेतं असं धरू. गोटी सुरुवातीला सेकंदाला दोन फेरे घेते आणि वेग सेकंदाला साधारण अर्ध्या फेऱ्यावर आला की कडा सोडते. कडा सोडण्याचा वेग कडेच्या उतारावर आणि वाटीच्या व्यासावर ठरतो, तो डीलरच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे तो सुरुवातीचा झटका. या झटक्यात शेकडा १ चा फरक पडला की गोटी आणि चाक यांची गाठ पाव ते अर्धं चाक इकडची तिकडे होते. वेगात चालणाऱ्या गोटीला हवा जास्त अडवते म्हणून हा आकडा पावाकडे झुकेल. वेग एकसारखा उतरतो असं मानलं तर अर्ध्याकडे. मधला, म्हणजे तीन दशांश चाकाचा आकडा धरू.

इथून पुढचं गणित मजेशीर आहे. हात शेकडा १ इतका स्थिर असेल तर गोटी ठरलेल्या अर्ध्या चाकात शंभरात साठेक वेळा पडायला हवी. असा माणूस तर कॅसिनोच विकत घेईल! स्थिरता शेकडा २ वर घसरली की फायदा एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही खाली येतो, म्हणजे संपलाच. मधे पायऱ्या नाहीत, सरळ कडा आहे. वेगवान गोलंदाज तसाच चेंडू पुन्हा टाकायचा म्हणतो तेव्हाही स्पीड गनवर दोन-तीन टक्क्यांचा चढउतार होतोच. त्यात डीलरला चाकाचा रेटाही तोच ठेवायचा, गोटी सोडताना तोच खण तिथेच समोर हवा, आणि शेवटच्या उड्यांचा पसारा वेगळाच. तो मी धरलेलाही नाही. या सगळ्याच्या उलट एकच गोष्ट आहे: डीलर दिवसाला शेकडो वेळा, वर्षानुवर्षं, तीच हालचाल करतो, आणि गोटी उचलायची तीही मागच्या आकड्यापासूनच. सवयीचा हात एक टक्क्याकडे झुकत असेल की दोन टक्क्यांकडे, यावर सगळं अडलं आहे. माझा कल दोनकडे आहे, पण पैज लावणार नाही.

लाल-काळ्याचं मात्र नक्की सांगता येतं. गणितज्ञ आँरी प्वांकारेने १८९६ मध्ये संभाव्यतेवरच्या पुस्तकात नेमका हाच प्रश्न घेतला. चाकावर लाल-काळे पट्टे बारीक आणि आलटून-पालटून असतील तर रेटा देणाऱ्याच्या हाताची सवय कशीही असो, दोन्ही रंगांची शक्यता जवळजवळ सारखीच होते, असं त्याने दाखवलं. एका खणाची रुंदी हाताच्या चुकीपुढे इतकी क्षुल्लक असते की सवय पुसून जाते. म्हणून ‘हा डीलर लाल काढतो’ म्हणणाऱ्याला खुशाल हसावं. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळा आला, तेव्हा आता तरी लाल येणारच म्हणून लोकांनी भरभरून पैसे लावले आणि गमावले. त्यात कोणाच्या मनगटाची करामत नव्हती. अर्धं चाक मात्र बारीक पट्टा नाही, आणि प्वांकारेचा युक्तिवाद तिथे आपोआप लागू पडत नाही.

रूलेटला हरवल्याच्या ज्या खऱ्या कथा आहेत, त्यांत डीलरचा हात नाहीच. यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांच्या मुलखातला जोसेफ जॅगर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोंटे कार्लोत जिंकला तो एका चाकातल्या दोषामुळे. गोन्सालो गार्सिया-पेलायो यांनी नव्वदच्या दशकात माद्रिदमध्ये चाकांचे हजारो निकाल नोंदवून तेच केलं, आणि स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. दुसरी वाट अंदाजाची. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन यांनी १९६१ च्या उन्हाळ्यात सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक अंगावर लपवून लास वेगास गाठलं. बुटात लपवलेल्या बटणांनी गोटीच्या आणि चाकाच्या फेऱ्यांच्या वेळा टिपायच्या, कानात सूर वाजला की चाकाच्या कोणत्या आठव्या भागावर लावायचं ते कळायचं. त्यांच्या हिशेबाने फायदा ४४ टक्के होता. कानातली बारीक तार सारखी तुटायची एवढीच अडचण. सत्तरच्या दशकात डॉइन फार्मर आणि नॉर्मन पॅकार्ड यांनी हाच प्रयोग बुटात संगणक बसवून पुढे नेला, आणि १९८५ मध्ये नेवाडाने अशा उपकरणांवर कायद्यानेच बंदी घातली. २००४ मध्ये लंडनच्या रिट्झ कॅसिनोत तिघांनी १३ लाख पौंडांच्या आसपास जिंकले. पोलिसांनी तपास केला आणि पैसे त्यांनाच ठेवू दिले. मायकेल स्मॉल आणि ची काँग त्से यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा पद्धतीने १८ टक्क्यांचा फायदा निघाला.

पण हे सगळे गोटी सुटल्यावर तिच्याकडे बघत होते. मनगटात जो काही एक-दोन टक्क्यांचा घोळ झाला तो तोवर होऊन गेलेला असतो; उरलेल्या प्रवासाचा फक्त अंदाज बांधायचा. डीलरला मात्र गोटी सुटण्याआधीच सगळं ठरवायचं आहे. अंदाज जमतो म्हणून नेमही जमतो, हा निष्कर्ष त्यामुळेच फसवा आहे. थॉर्प-शॅनन यांच्या नावाने डीलरच्या हातगुणाची वकिली करणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

मग मोजून का पाहत नाहीत? कारण मोजायला द्यायची व्यवस्थाच नाही. दीड टक्क्याहूनही कमी असलेला तो फरक योगायोगातून वेगळा काढायला साडेपाच हजार डाव तरी लागतात, आणि तेही जेमतेम. तासाला चाळीस डाव धरले तर एकाच डीलरचे, एकाच चाकावरचे, जवळजवळ १४० तास. कॅसिनो डीलरला अर्ध्या-पाऊण तासात टेबलावरून उठवतं. दुसरा माणूस, दुसरं मनगट. अनेक ठिकाणी प्रत्येक डावाला चाकाची दिशाही उलटवतात. न्यू जर्सीच्या नियमांत गोटीने किमान चार फेरे घेतले नाहीत तर डाव रद्द, आणि गोटी धातूची चालत नाही. चुंबकाने गोटी वळवण्याचे उद्योग पूर्वी झालेले आहेत. अलीकडच्या चाकांचे खण उथळ आणि पडद्या बुटक्या असतात, म्हणून गोटी जास्त उड्या मारते. केंटमधल्या कॅमेघ कंपनीने तर असं चाक काढलं, जे पैजा बंद झाल्यावर स्वतःच आपला वेग थोडासा, आणि प्रत्येक वेळी वेगळा, बदलतं.

हे सगळं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे पट्टीचा कारागीर मिळाला तर मालक त्याला जपतो. इथे मालकाला कारागिरीच नको असते. वरवर पाहता घराच्या फायद्यासाठी गोटी वळवणारा डीलर कॅसिनोला सोन्याची अंडी देणारी कोंबडीच वाटायला हवा. पण लागलेल्या पैशावर २.७ टक्के बिनबोभाट येत असताना तो धोका कोण पत्करेल? जो घरासाठी नेम धरू शकतो, तो आपल्या मेहुण्यासाठीही धरू शकतो. म्हणून डीलरच्या प्रशिक्षणात गोटी फिरवणं पहिल्या काही दिवसांत उरकतं आणि बाकी सगळा काळ पाढ्यांत जातो. सरळ आकड्याला ३५, दोन आकड्यांच्या रेघेवर १७, तिघांवर ११, चौघांवर ८, सहांवर ५. एका आकड्याभोवती चहूबाजूंनी नाण्यांचे ढीग पडलेत आणि डीलरने ते एका नजरेत बेरजेसकट सांगायचेत. चाचणी या हिशेबाची असते.

गोव्यात डीलरच्या मनगटाचा प्रश्न कायद्यानेच दोन तुकड्यांत वाटला गेला आहे. तिथल्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांना इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांना जिवंत डीलरसह खेळ मांडता आला. पणजीत मांडवीच्या काठावर उभं राहिलं की रात्री दिसतात ती हीच जहाजं. म्हणजे किनाऱ्यावर मनगट नाही, पाण्यावर आहे. २०२० पासून गोंयकारांना स्वतःला तिथे खेळायला मनाई आहे. मोनॅकोच्या नागरिकांनाही मोंटे कार्लोच्या जुगारखान्यात खेळता येत नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मुंबई-पुण्याची गर्दी मांडवीवर जाते त्यात याही हुकलेल्या कायद्याचा वाटा आहेच.

आता जिथे डीलर निकालात खरोखर फरक पाडू शकतो, तिकडे वळू. ते मनगटात नसून घड्याळात आहे. चाक संथ ठेवलं, गोटी जोरात सोडली आणि ‘नो मोअर बेट्स’ दोन-तीन सेकंद उशिरा पुकारलं, तर गोटीकडे बघून अंदाज बांधणाऱ्या साथीदाराला हवा तेवढा वेळ मिळतो. नेमाची गरज नाही, नुसती ढिलाई पुरते; आणि विचारलंच तर, गर्दी होती, लक्ष गेलं नाही, एवढं म्हणून सुटता येतं. टेबल सोडताना डीलर टाळी वाजवून दोन्ही तळवे छताकडच्या कॅमेऱ्याला उलटसुलट दाखवतो, हातात नाणं नाही म्हणून. पण ढिलाईचा संशय आलाच, तर वरच्या खोलीत बसलेला माणूस चित्रण मागे नेऊन गोटी कुठे पडली हे बघत बसत नाही. शेवटची नाणी कापडावर ठेवली गेली तेव्हा गोटीचे किती फेरे उरले होते, ते मोजतो.