ज्याची कळ, त्याच्या हाती

मराठीत ‘कळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पोटात उठते तीही कळ, आणि दाबली असता यंत्र चालू होते तीही कळच. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाच्या एका पद्धतीत या दोहोंची गाठ पडते.

जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली निघाले. महाकोशलातील गावोगावचे रुग्ण तेथे येतात. असल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयातील रात्र डोळ्यांपुढे आणावी. रुग्ण कण्हू लागतो, नातलग परिचारिकेला शोधीत धावतो, ती दुसऱ्या खाटेपाशी गुंतलेली असते. मग कपाट उघडणे, नोंद करणे, सुई टोचणे. तोवर वेदना शिगेला पोहोचते. मोठ्या मात्रेने गुंगी येते, ती उतरते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी १९६८च्या सुमारास हे चक्र मोडण्याची दिशा दाखविली. वेदना ज्याची त्यालाच ठाऊक. तेव्हा औषध केव्हा हवे हे त्यानेच का ठरवू नये? पुढे १९७६ साली ‘कार्डिफ पॅलिएटर’ हे यंत्र ब्रिटनमध्ये बाजारात आले.

रुग्णाने कळ दाबली की पंपातून बहुधा एक मिलिग्रॅम मॉर्फिन शिरेत जाते. त्यानंतर पाच ते दहा मिनिटे कितीही वेळा दाबली तरी यंत्र दाद देत नाही. मात्रा व अवधी वैद्यच ठरवितो. रुग्णाकडे येते ती केवळ वेळेची निवड. खरी सुरक्षितता मात्र यंत्राबाहेर आहे. औषध अधिक झाल्यास रुग्णास झोप लागते, आणि झोपलेले बोट कळ दाबीत नाही.

म्हणूनच उशाशी बसलेल्या आईने वा भावाने मायेपोटीही ती दाबता कामा नये. आपल्याकडे हा निर्बंध पाळणे सर्वांत कठीण! निजलेल्याचा श्वास अशा दयेनेच मंदावू शकतो. परिचारिकेने श्वासाची गती मोजीत राहणे त्यामुळे सुटत नाही.

मॉर्फिन अफूपासून निघते, आणि अफू याच मध्यप्रदेशात, नीमच-मंदसौरकडे पिकते. तरी १९८५च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाळ्यामुळे ते रुग्णालयांना दुर्मीळ झाले. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट सुकर केली. पंप नसेल तेथे परिचारिकेने ठराविक वेळाने शून्य ते दहा या मापाने वेदना विचारावी, आणि मागणीची वाट न पाहता औषध द्यावे. पंप असेल तर कळीचा उपयोग शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच, रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्याच बोलीत समजावावा. नातलगांनाही त्याच वेळी शेजारी बसवावे.